सिम्युलेटरचे कॉकपिट, विमानाचे दिवे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फ्लाइट सिम्युलेटरसाठी संगणकावर विमानाचे थ्रीडी मॉडेल करणारे आणि घरातल्या एका खोलीत लाकूड-अ‍ॅक्रिलिकचे खरेखुरे कॉकपिट उभे करणारे, अशा दोघांचेही प्रश्न या वेळी आले. बहुतेकांचा रोख प्रकाशावर आहे, म्हणून हा महिना दिव्यांना दिला. एक गोष्ट सगळ्याच पत्रांत दिसली: दिवा कुठे लावायचा याचा विचार झालेला असतो, त्याचा प्रकाश कुठे पडता कामा नये याचा झालेला नसतो. खालच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : मी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये एअरबस ए३२० चे मॉडेल करतो आहे. पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे दिवे रात्री कुठूनही पाहिले तरी सारखेच दिसतात, चवथीच्या मखराला माळ लावल्यासारखे. काय चुकते आहे? (वाचक, वास्को)

उत्तर : दिशा चुकते आहे. तुम्ही पॉइंट लाइट लावला आहे, तो चहूकडे सारखा पसरतो. नेव्हिगेशन दिवे असतात ते दुसऱ्या वैमानिकाला आपल्या विमानाचे तोंड कुठे आहे हे एका नजरेत कळावे म्हणून. त्यामुळे प्रत्येक दिव्याला ठरलेला कोन आहे. नाकाच्या रेषेपासून डावीकडे ११० अंशांपर्यंत लाल, उजवीकडे ११० अंशांपर्यंत हिरवा आणि मागच्या उरलेल्या १४० अंशांत पांढरा. तिन्हींची बेरीज बरोबर ३६०. विमानाच्या मागे उभे राहून लाल-हिरवा दिसत असेल, तर मॉडेल चुकले असे खुशाल समजा.

पॉइंट लाइट काढून स्पॉट लाइट घ्या, म्हणजे शंकूच्या आकारात एकाच दिशेला पडणारा दिवा. पंखाच्या दिव्यासाठी शंकूचा पूर्ण कोन ११० अंश ठेवा आणि त्याचा अक्ष नाकाच्या रेषेपासून ५५ अंश बाहेर वळवा. शेपटीच्या पांढऱ्यासाठी शंकू १४० अंशांचा, अक्ष सरळ मागे. कडा अगदी धारदार करू नका. खऱ्या दिव्यांतही दोन रंग सीमेवर थोडे एकमेकांत शिरतात.

आता तीव्रता. मोठ्या विमानांच्या अमेरिकी प्रमाणीकरण नियमांत पंखाच्या दिव्याला नाकाच्या रेषेपासून पहिल्या १० अंशांत किमान ४० कॅन्डेला (एका दिशेच्या तेजाचे एकक), १० ते २० अंशांत ३० आणि पुढे ११० अंशांपर्यंत फक्त ५ कॅन्डेला लागतात. शेपटीच्या दिव्याला २०. म्हणजे समोरून दिसणारा दिवा बाजूने दिसणाऱ्याच्या आठपट तेजस्वी असला तरी नियमाला धरूनच आहे. हा फरक एका स्पॉट लाइटने साधत नाही, दोन लावावे लागतात. एक रुंद आणि मंद, वर सांगितलेला; दुसरा अरुंद आणि तेज, २० अंशांच्या शंकूचा, अक्ष नाकाच्या रेषेपासून १० अंश बाहेर. एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरमध्ये तीव्रता कॅन्डेलामध्ये देता येते, तिथे हे आकडे सरळ वापरता येतात. ब्लेंडरच्या खिडकीत दिवा कसा दिसतो त्यावर विसंबू नका, सिम्युलेटरमध्ये नेऊनच पाहा.

डोळ्याला दिसणारा ठिपका आणि आजूबाजूला पडणारा उजेड या सिम्युलेटरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि सगळ्यात जास्त चूक दुसऱ्यात होते. मॉडेलखालच्या डांबरावर एकीकडे लाल आणि दुसरीकडे हिरवे तळे साचलेले दिसते. साधा हिशोब करा. ४० कॅन्डेलाचा दिवा ५ मीटरवर किती उजेड देतो? ४० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे १.६ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक). ५ कॅन्डेलाच्या दिशेला तर ०.२ लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. विमान उभे असते त्या एप्रनवर मात्र आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे सरासरी २० लक्स उजेड असतो. त्या उजेडात ०.२ लक्सचे लाल तळे कुणाला दिसणार? प्रत्यक्ष दिवे नियमातल्या किमान आकड्यापेक्षा तेज असतात हे धरले तरी लाल-हिरवी छटा फार तर पंखाच्या टोकावर, विंगलेटच्या, म्हणजे पंखाच्या वळवलेल्या टोकाच्या, आतल्या अंगाला आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावरच्या प्रतिबिंबात दिसावी. बाकी सगळे पुसून टाका.

रंगाचेही बघा. शुद्ध हिरवा, म्हणजे लाल ०, हिरवा १, निळा ०, हा विमानाचा हिरवा नव्हे. विमानाचा हिरवा निळसर असतो. ०, ०.९, ०.४५ पासून सुरुवात करून डोळ्याने जुळवा. लाल मात्र जवळजवळ शुद्धच ठेवा, त्यात हिरव्याचा अंश वाढला की तो नारिंगी होतो.

आणि दुसऱ्या विमानाचे दिवे डोळे झाकून उचलू नका. ए३२० चा मागचा पांढरा दिवा शेपटीच्या टोकाला, एपीयूच्या (मागच्या छोट्या सहायक इंजिनाच्या) शंकूवर असतो. बोइंग ७३७ मध्ये तो शेपटीला नसून दोन्ही पंखांच्या टोकांना, मागच्या कडेला असतो.

प्रश्न : विमानाचा स्ट्रोब, म्हणजे झटक्याने लुकलुकणारा दिवा, कधी लागतो, कधी लागतच नाही. अ‍ॅनिमेशन बरोबर आहे असे वाटते. (वाचक, म्हापसा)

उत्तर : झेनॉन स्ट्रोबचा खरा झटका एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि तुम्ही तेवढाच ठेवला असणार. सिम्युलेटर सेकंदाला ३० चित्रे काढत असेल तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंदांचे. झटका दोन चित्रांच्या मधल्या फटीत पडला की गेलाच. किमान दोन चित्रे भरतील एवढा, म्हणजे ७० मिलिसेकंदांचा ठेवा. कमी ताकदीच्या संगणकांसाठी ८० धरा. तेज एकदम चढू दे, एकदम उतरू दे. हळूहळू उजळणे-विझणे हे जुन्या तारेच्या बल्बचे लक्षण, स्ट्रोबचे नव्हे.

ए३२० च्या स्ट्रोबची ओळख म्हणजे पाठोपाठ दोन झटके, मग विश्रांती. जुन्या ७३७ चा झटका एकेरी. स्ट्रोबसारख्या टक्करविरोधी दिव्यांचा वेग मिनिटाला ४० ते १०० आवर्तनांमध्ये असावा लागतो, त्यामुळे सेकंदाला एक आवर्तन धरले तर चुकणार नाही. तळावर चार-पाच विमाने ठेवली असतील तर प्रत्येकाची सुरुवात ० ते १ सेकंदांत कुठेतरी विस्कळीत करा, नाहीतर सगळी एका तालावर लुकलुकतात.

तर्कही बरोबर बांधा. लाल बीकन, म्हणजे धडावरचा लुकलुकणारा दिवा, इंजिन सुरू करण्याआधी लागतो, स्ट्रोब धावपट्टीवर शिरताना. ए३२० च्या स्ट्रोबच्या बटणाला मधली ऑटो जागा आहे. तिच्यावर असताना चाकांवर विमानाचा भार आहे तोवर स्ट्रोब बंद राहतात आणि जमीन सुटली की लागतात. ढगात शिरल्यावर झटक्यांचा उजेड परतून डोळ्यांवर येतो म्हणून वैमानिक ते बंदही करतात. तुमच्या सिम्युलेटरमध्ये ढग उजळत असतील तर हे एकदा करून पाहा.

प्रश्न : दिवसा माझे कॉकपिट चांगले दिसते. रात्री पॅनेलचे दिवे लावले की सगळे सपाट आणि दुधाळ होते, अक्षरे तर वाचवत नाहीत. टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेले चित्र) २०४८ पिक्सेलांचे आहे. (वाचक, फोंडा)

उत्तर : यात तीन दुखणी एकत्र आहेत.

पहिले अक्षरांचे. तुमचे मुख्य पॅनेल ६० सेंटिमीटर रुंद धरू. २०४८ पिक्सेल ६० सेंटिमीटरवर पसरले म्हणजे सेंटिमीटरला ३४. ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर मग १४ पिक्सेलांत बसवावे लागते आणि इतक्यात ३ आणि ८ वेगळे ओळखू येत नाहीत. ४०९६ केले तर तेच अक्षर २७ पिक्सेलांचे होते, तिथून पुढे वाचता येते. सगळ्या कॉकपिटला ४०९६ लावायची गरज नाही. डोळ्यासमोरच्या पॅनेलांना द्या, खुर्चीमागच्या भिंतीला १०२४ पुष्कळ झाले.

दुसरे म्हणजे सगळा प्रकाश एकाच रात्रीच्या टेक्श्चरमध्ये भाजून टाकला आहे. खऱ्या कॉकपिटमध्ये निदान चार वेगवेगळे उजेड असतात आणि प्रत्येकाची चावी वेगळी. पॅनेलच्या पोटातून अक्षरे उजळवणारा अंतर्गत प्रकाश. ग्लेअरशील्डच्या, म्हणजे पॅनेलवरच्या छज्ज्याच्या, खालच्या कडेतून पॅनेलवर उतरणारा फ्लड. छताचा डोम दिवा. आणि डिस्प्लेचा स्वतःचा उजेड. हे सगळे एका चित्रात मिसळले की एक चावी फिरवली तरी सगळे एकदम मंदावते, आणि मुख्य म्हणजे अंधाराला जागाच उरत नाही. आधी ठरवा कुठली चावी काय उजळते, त्याप्रमाणे मेश (मॉडेलची जाळी) तोडा, यूव्ही (चित्राचा कुठला भाग जाळीवर कुठे बसतो तो नकाशा) एकमेकांवर येऊ देऊ नका आणि मगच बेक करा, म्हणजे प्रकाश चित्रात भाजा. एक्स-प्लेनमध्ये एका ऑब्जेक्टला रात्रीचे टेक्श्चर एकच असले तरी मेशच्या तुकड्यागणिक प्रकाशाची पातळी वेगळ्या डेटारेफला (सिम्युलेटरमधल्या चलाला) जोडता येते. कॅप्टनची बाजू आणि को-पायलटची बाजू वेगळी ठेवायला विसरू नका. ही तोडणी नंतर करायची म्हटली तर यूव्हीचे सगळे काम पुन्हा करावे लागते.

अंतर्गत प्रकाशाच्या चित्रात पार्श्वभूमी पूर्ण काळी, शुद्ध शून्य. फक्त अक्षरे, रेषा आणि नॉबवरचा खूण-पट्टा पांढरा. अक्षराभोवती दोन-तीन पिक्सेलांचे अगदी फिके वलय, मूळ तेजाच्या ५ ते ८ टक्के, एवढे पुरते. जुन्या विमानात आत ५ व्होल्टचे छोटे बल्ब असतात, त्यामुळे बल्बजवळचे अक्षर तेज आणि कोपऱ्यातले थोडे मलूल असते. १० ते २० टक्क्यांचा हा असमानपणा हाताने रंगवा. एवढे केले की पॅनेल छापील वाटेनासे होते. तारेचा बल्ब मंद केला की तांबूस होतो, एलईडी होत नाही. तेव्हा जुन्या विमानात चावी खाली आणताना रंगही ऊबदार होऊ द्या, नव्यात नको.

फ्लडचा उजेड वरून खाली उतरत जातो. पॅनेलच्या वरच्या कडेला भरपूर, खालच्या कडेला जवळजवळ नाही, आणि प्रत्येक नॉबखाली लांबट सावली. पॅनेलला खोली येते ती या सावलीमुळे.

तिसरे दुखणे दिवसाच्या रंगात आहे, जरी ते रात्री दिसते. पांढऱ्या अक्षरांचा मूळ रंग २५५ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) ठेवला असेल तर तो २०० च्या आसपास आणा. काळ्या प्लास्टिकचा ० असेल तर ३० ते ४५ करा. खरी काळी वस्तू थोडा उजेड परत देतेच, आणि खरा पांढरा रंग सगळा देत नाही. रफनेस (खडबडीतपणा) आणि मेटॅलिकचे (धातूपणाचे) नकाशे ब्लेंडरमध्ये नॉन-कलर म्हणून उघडले आहेत ना तेही पाहा. ते एसआरजीबी, म्हणजे रंगाचे चित्र, म्हणून उघडले की आकडे सरकतात आणि सगळे पॅनेल तेलकट किंवा दुधाळ दिसते.

प्रश्न : धडावरचे रिव्हेट बाहेर यायला हवेत, ते खड्ड्यांसारखे दिसतात. (वाचक, साखळी)

उत्तर : नॉर्मल मॅपची, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राची, हिरवी वाहिनी उलटी करा. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या दोन पद्धतींत ती एकमेकींच्या उलट असते. ब्लेंडर ओपनजीएलची पद्धत वापरतो. उलटे केल्यावर दिवा वरच्या बाजूला ठेवून पाहा, रिव्हेटची वरची कड उजळली पाहिजे. रिव्हेट मुळात इतके उठून दिसायला नकोत, हेही सांगून ठेवतो. जेट विमानांच्या बाह्यांगावर ते बहुतेक पत्र्याच्या पातळीतच बसवलेले असतात.

प्रश्न : खरे ओव्हरहेड (छताचे) पॅनेल बनवायचे आहे, मागून उजळणारे. सनबोर्डवर अक्षरे लेझरने कापून घ्यावीत की अ‍ॅक्रिलिक घ्यावे? एलईडी आर्डुइनो कंट्रोलर बोर्डला सरळ जोडले तर चालतील का? एकूण ४० एलईडी आहेत. (वाचक, मडगाव)

उत्तर : सनबोर्ड लेझरखाली कधीही घालू नका. ते पीव्हीसीचे असते. जळताना क्लोरीनयुक्त विषारी, आम्लधर्मी वायू सुटतात. ते फुप्फुसाला घातक आहेत आणि यंत्राचे लोखंडही खातात. चांगला लेझरवाला ते घेणारच नाही.

३ मिलिमीटरचे दुधी अ‍ॅक्रिलिक घ्या आणि दुकानदाराला कास्ट शीटच मागा. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त पडते, पण कोरताना ती वितळून चिकटते, अक्षराची कड फाटकी येते. शीटवर आधी मॅट काळ्या रंगाचे दोन पातळ हात, तो उजेड अडवतो. पूर्ण वाळल्यावर वरून पॅनेलचा राखाडी. शीट खिडकीसमोर धरून पाहा, कुठेही टाचणीएवढाही उजेड आला तर काळ्याचा आणखी एक हात हवा. मग अक्षरे कोरून घ्या, खोली ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही रंग निघून खालचे दुधी अ‍ॅक्रिलिक उघडे पडेल. जास्त खोल गेले तर दिवसा अक्षरात सावली पडते आणि ते मळकट दिसते. जून-जुलैत फवारणी शक्यतो टाळा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. करायचीच असेल तर पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी, हाताला कोमट लागेल इतपत शीट आधी गरम करून.

मापाबद्दल: खऱ्या विमानातली ठराविक पॅनेले ५.७५ इंच, म्हणजे १४६ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांची उंची ३/८ इंचाच्या, म्हणजे ९.५२५ मिलिमीटरच्या पटीत. हे माप पाळले तर पुढे एखादे खरे जुने पॅनेल मिळाले तरी तुमच्या चौकटीत बसेल.

आता दिवे. आर्डुइनो मेगाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावेत, ४० ही तिची तुटण्याची मर्यादा, आणि सगळ्या चिपची मिळून २००. ऊबदार पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. ५ व्होल्टमधून ३ वजा केले की २ उरतात, २२० ओमचा रेझिस्टर लावला की ९ मिलिअँपिअर वाहतात. असे ४० म्हणजे ३६० मिलिअँपिअर. सरळ जोडले तर चिप जाणार. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या, वीज वेगळ्या ५ व्होल्टच्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या पेटीतून) घ्या आणि मध्ये मॉसफेट (विजेवर चालणारा स्विच) घाला. मॉसफेट आयआरएलझेड४४एन हवा. दुकानात बहुतेक वेळा आयआरएफझेड४४एन हातात ठेवतात, एकाच अक्षराचा फरक आहे, पण त्याला पूर्ण उघडायला गेटवर (त्याच्या नियंत्रणाच्या पायावर) १० व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि भार वाढला की तापतो. गेटला २२० ओम ओळीत, गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओम. एसएमपीएसचे ग्राउंड आणि आर्डुइनोचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवे. हे राहून गेले की दिवे मनाला येईल तसे वागतात आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

एलईडी शीटच्या मागे १२ ते १५ मिलिमीटरवर, एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर बसवा. जवळ आणले तर प्रत्येक एलईडीचा गोळा अक्षरामागे दिसतो. आतली पेटी पांढरी रंगवा, शीटच्या चारही कडांना अ‍ॅल्युमिनिअमची चिकटपट्टी लावा, नाहीतर दोन पॅनेलांच्या फटीतून उजेड गळतो. चवथीच्या सजावटीतली १२ व्होल्टची एलईडी पट्टी घरात पडलेली असेल तर तीही चालेल. तिच्यावर तीन-तीन एलईडींमागे कापण्याची खूण असते, तिथेच कापा. मात्र तिला १२ व्होल्टच लागतात, आणि रंग थंड पांढरा असेल तर वापरू नका. निळसर अक्षरांमुळे सगळे कॉकपिट खोटे वाटते.

प्रश्न : मंद करण्याचा नॉब बसवला. पहिल्या पाव फेरीतच दिवे जवळजवळ पूर्ण तेज होतात, पुढे फिरवून काही फरक नाही. अगदी तळाला तर उड्या मारतात. (वाचक, पणजी)

उत्तर : नॉबमध्ये किंवा एलईडीमध्ये दोष नाही. आपला डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. नॉब अर्ध्यावर आहे म्हणून पीडब्ल्यूएम (दिवा झपाट्याने चालू-बंद करून तेज ठरवणारा आकडा) २५५ पैकी १२८ दिला, तर डोळ्याला तो पाऊण तेज वाटतो. नॉबची किंमत ० ते १ मध्ये आणा, तिचा २.२ वा घात काढा आणि २५५ ने गुणा. अर्ध्या फेरीला ०.५ चा २.२ वा घात ०.२१८, गुणिले २५५ म्हणजे सुमारे ५५. पाव फेरीला १२. एवढ्या एका ओळीने नॉब हाताला खऱ्यासारखा लागतो. नॉब बी१०के, म्हणजे लिनिअर घ्या. आवाजाचा, ए अक्षराचा घेतला तर वक्रावर वक्र चढतो.

तळाच्या उड्यांची कारणे दोन. नॉबचा मधला पाय आणि ग्राउंड यांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर वाचन थरथरते, तो लावा. तरी उड्या राहिल्या तर ती आठ बिटांची मर्यादा आहे: १ वरून २ वर जाताना तेज दुप्पट होते. बरेच जण इथे महागडा ड्रायव्हर घेतात, पण आधी रेझिस्टर २२० ऐवजी ६८० ओम करून पाहा. रात्रीच्या कॉकपिटला तेवढे तेज पुरते आणि सगळी फेरी उपयोगात येते.

प्रश्न : मोपा विमानतळाचे रात्रीचे दृश्य करतो आहे. पापीचे (उतरण्याचा कोन दाखवणारे) चार दिवे लावले, पण उतरताना लाल-पांढऱ्याचा क्रम उलटा येतो. (वाचक, पेडणे)

उत्तर : पापीच्या चार पेट्यांचे कोन तुम्ही धावपट्टीकडून बाहेर वाढवत नेले असणार. ते उलट हवेत. ३ अंशांच्या उताराला नेहमीची मांडणी अशी: धावपट्टीलगतची पेटी ३ अंश ३० मिनिटांवर, पुढची ३ अंश १० वर, मग २ अंश ५० आणि सगळ्यात बाहेरची २ अंश ३० वर. प्रत्येक पेटी तिच्या कोनाच्या वर पांढरी दिसते, खाली लाल. म्हणजे बरोबर उतारावर असताना धावपट्टीलगतच्या दोन लाल आणि बाहेरच्या दोन पांढऱ्या. रंगबदल जवळजवळ तात्काळ हवा. मध्ये गुलाबी छटा रेंगाळत असेल तर शंकूची कड मऊ राहिली आहे.

बाकी दिव्यांचे थोडक्यात: कडेचे दिवे पांढरे, दोन दिव्यांत ६० मीटरपेक्षा जास्त अंतर नको, शेवटच्या ६०० मीटरला पिवळे. सुरुवातीचा उंबरठा हिरवा, शेवट लाल. टॅक्सीवेच्या कडा निळ्या, मध्यरेषा हिरवी. धावपट्टीची लांबी आणि दिशा अंदाजाने टाकू नका. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये (अधिकृत माहिती-पुस्तकात) ती छापलेली असते.

मोपा सड्यावर आहे. आजूबाजूला वस्तीचे दिवे विरळ ठेवा. तयार मिळणारे शहरी दिव्यांचे संच सरसकट पसरले की पेडण्याची मुंबई होते. काळ्या सड्यावर एकटी उजळलेली धावपट्टी दिसली की वैमानिकाला उंचीचा अंदाज चुकण्याचा धोका असतो आणि तो टाळणे हाच पापीचा खरा उपयोग. तुमच्या दृश्यात तो अनुभव आला पाहिजे.

प्रश्न : मॉडेलसाठी खरे विमान जवळून बघायचे असेल तर गोव्यात कुठे जावे? दाबोळीला फोटो काढता येतील? (वाचक, डिचोली)

उत्तर : दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे. तिथे कॅमेरा बाहेर काढू नका, विमानाच्या खिडकीतूनही नको. बोगमाळो रस्त्यावरचे नौदल विमान संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे जा. सुपर कॉन्स्टेलेशन तिथे उभे आहे. एअर इंडिया, मग हवाई दल, मग नौदल असा प्रवास त्या जातीच्या विमानांनी केला. सी हॅरिअरही आहे, ज्याने २०१६ मध्ये नौदलातून निवृत्ती घेतली. कॅमेऱ्याबद्दलचे नियम दारावर विचारून घ्या.

परवानगी असेल तर फोटो विमानाच्या रूपाचे काढण्यापेक्षा जोडांचे काढा: दिव्याची काच पत्र्याला कुठे मिळते, तिच्याभोवती किती स्क्रू, काचेच्या मागे आरसा आहे की पांढरा रंग. प्रत्येक फोटोत एक पट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, नंतर माप काढता येते. उन्हे चढलेली असताना जाऊ नका. ढगाळ सकाळी रंग खरे मिळतात आणि पत्र्यावर चकाकी येत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यानंतर कॉकपिटची निम्मी बटणे मेली. घर समुद्रापासून जवळ आहे. सगळे बदलावे लागेल का? (वाचक, बायणा-वास्को)

उत्तर : बटणे बहुधा जिवंत आहेत, जोडण्या मेल्या आहेत. आर्डुइनोत खोचतात त्या सुट्या जंपर तारांची टोके काढून पाहा, खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा कळंक आला असेल. मल्टिमीटर लावून बटण दाबलेले असताना त्याच्या दोन पायांत रोध मोजा. एक-दोन ओम दाखवला तर बटण ठीक. मग तीच मोजणी तारेच्या दुसऱ्या टोकाकडून करा. तिथे शेकडो ओम आले तर दोष मधल्या जोडणीत आहे. कळंकावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश चालतो. पाणी किंवा घरगुती तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते.

पुन्हा जोडताना खोचायच्या तारा टाळा. बटणाकडचे टोक सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा, बोर्डाकडचे स्क्रू टर्मिनलमध्ये घाला. सोल्डर केलेल्या बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल रोखणाऱ्या पातळ लेपाचा) एक हात फवारा, पण स्विच, कनेक्टर आणि नॉब आधी मास्किंग टेपने झाका. आत शिरले तर ते कायमचे बंद. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे घ्या. चौकट एमडीएफची असेल तर कापलेल्या कडा नखाने दाबून पाहा. मऊ लागल्या तर पॅनेलची भोके सरकली असणार, तो भाग मरीन प्लायचा करा. प्लायच्याही कडा सील करायला हव्यातच.

चार महिने कॉकपिट झाकून ठेवणे ही मोठी चूक. बंद कापडाखाली ओल कोंडते. दोन-तीन दिवसांआड अर्धा तास सगळे पॅनेल पूर्ण तेजावर लावून ठेवा, आतली पेटी कोमट होऊन कोरडी राहते. प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि तिचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात सुकवून परत ठेवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, त्यामुळे तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, खिडकी उघडी ठेवा आणि पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या.